एका सीडीला एक हात

त्या बुधवारी बाबा साकाता या बंदरगावच्या बाजारगल्लीत, ताकाकोबाईंच्या रेकॉर्डच्या दुकानासमोर, बिअरच्या उलट्या क्रेटवर उभे राहून गात होते. अंगात निळा किमोनो, वय एकाहत्तर. समोर सतरा माणसं, त्यातली दोन बसची वाट पाहणारी. नवं गाणं त्याच दिवशी बाजारात आलं होतं, ‘धक्का क्रमांक बारा’. बर्फ, बंदर, सुटलेली बोट, उभी राहिलेली बाई. बेचाळीस वर्षं बाबांच्या प्रत्येक गाण्यात बोट सुटतच आली होती.

आणि बेचाळीस वर्षांत त्यांचं एकही गाणं विक्रीच्या यादीत पहिल्या शंभरात आलं नव्हतं. एकदा तरी यावं, एवढीच त्यांची इच्छा.

मी रजा काढून सीडी विकायला बसले होते. एका सीडीला एक हस्तांदोलन, हा या धंद्यातला रिवाज. टोकियोतल्या गाणाऱ्या पोरींच्या गटांचे चाहते त्यासाठी खोकी भरभरून सीडी घेतात आणि हात धरून झाला की खोकी टाकून देतात. पहिला नंबर त्या पोरींचाच. बाबांच्या चाहत्या एकच घेत, पण हात पाच मिनिटं सोडत नसत. गुडघ्यांचं सांगत बसत.

“सुमिए, तूही घे की एक,” बाबा घाम पुसत म्हणाले. “हात मिळेल.”

“मला फुकट दिलीत ना तुम्ही.”

“फुकटातली यादीत धरत नाहीत गं. ऐकलंस तरी?”

“ऐकलं.”

“मग?”

मी कॉलेजात साहित्य शिकवते. विशेषणं जपून वापरायची सवय आहे. “रेकॉर्डिंग स्वच्छ आहे,” मी म्हणाले.

“ऐका, ताकाकोबाई! लाँड्रीचं प्रमाणपत्र मिळालं,” म्हणत बाबा पुन्हा क्रेटवर चढले.

गुरुवारी सकाळी मिसो सूप गरम करताना ते कोसळले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

शनिवारी इथल्या पेपरात चार ओळी आल्या. ‘घेऊ कधीतरी’ म्हणत वर्षानुवर्षं थांबलेल्या सगळ्या बायका त्या दिवशी दुकानात गेल्या. दहनाला मंगळवारची वेळ मिळाली. यादीही मंगळवारीच लागते.

रेकॉर्ड कंपनीचे नीझुमा काळा टाय लावून आले, उदबत्ती लावली आणि मग त्यांना राहवेना.

“शहाऐंशी! सुमिएसान, शहाऐंशीवा नंबर!” त्यांचे डोळे खरोखर भरले होते. “गुरुवारी गेले म्हणून जमलं. रविवारी गेले असते तर सगळी विक्री पुढच्या आठवड्यात गेली असती, आणि पुढच्या आठवड्यात पोरींचे तीन गट येतायत. आपला काय निभाव लागणार?” मग स्वतःचंच बोलणं कानावर पडून ते मटकन खाली बसले.

“असू द्या,” मी म्हणाले. “तालाचे पक्केच होते ते.”

शवपेटी बंद करण्याआधी सगळ्यांनी फुलं ठेवली. नीझुमांनी हळूच सीडी आत सरकवली. अंत्यविधीवाल्या गृहस्थांनी ती तितक्याच हळूच बाहेर काढली.

“माफ करा. ही वितळून अस्थींना चिकटते.”

“अहो, शहाऐंशीव्या नंबरची आहे!”

“पहिल्या नंबरचीही चालत नाही.”

शेवटी गाण्याचा कागद आणि छापून आणलेली यादी, एवढंच बाबांच्या छातीवर ठेवलं. सीडी नीझुमांच्या हातात राहिली. मी पर्समधून चौदाशे येन काढले.

“द्या ती मला.”

“तुमच्याकडून कसे घेऊ? आणि इथं घेतलेली मोजत नाहीत हो, दुकानातूनच...”

“नका मोजू.”

झाकण धरून अंत्यविधीवाल्यांची दोन माणसं थांबली होती. मी फुलांत हात घालून बाबांचा हात धरला. बर्फात ठेवल्यामुळे तो फार गार होता.

“बाबा, विकत घेतली,” मी म्हणाले. आवाज मोठा निघाला. मागे कुणीतरी वळून पाहिलं. “तिसऱ्या कडव्यात ती बाई हात हलवत नाही, नुसता मफलर सारखा करते. तिथं तुम्ही श्वास धरता. तेवढंच मी स्वयंपाकघरात उभी राहून सात वेळा ऐकलं. मला फार आवडलं, बाबा. तुमची सगळीच आवडायची.”