घळीतली नजरभेट

ते साल एकोणीसशे पंचाहत्तर. जून महिना होता आणि आभाळात ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता. पेज गावाच्या दक्षिणेला, लाल खडकाच्या माळावर, ग्लेनिबा नावाच्या बाईची मेंढरं एकाच पाण्यावर जगत होती. घरामागच्या घळीच्या वरच्या तोंडाशी खडकात एक कुंड होतं, तिथे ऊन पोचत नसे, म्हणून पाणी पावसापर्यंत टिके. घळ तशी आखूडच. खालच्या तोंडातून शिरायचं आणि वळणं घेत कुंडापाशी निघायचं. पण मधल्या भागात ती इतकी अरुंद, की समोरून माणूस आलं तर दोघांपैकी एकाला उलट पावली मागे जावं लागे.

कुंड ग्लेनिबाच्या आईचं होतं. ते ग्लेनिबाकडे आलं आणि पुढे तिच्या लेकीकडे, अर्लीनकडे जाणार होतं. आम्हा नवाहो आदिवासींत जमीन, घर, मेंढरं आईकडून लेकीकडे येतात. जावई येतो तो आपलं खोगीर घेऊन. बायकोने ते खोगीर दाराबाहेर ठेवलं, की संसार संपला.

अर्लीनचा नवरा व्हर्जिल देखणा होता, बोलका होता. त्यांना एक लहान लेक होती. गिटार बरी वाजवी. वीजकेंद्राच्या बांधकामावरचं काम सुटलं तेव्हा त्याने पेजच्या मोटेलातून पाहुणे आणायला सुरुवात केली. घळ बघायला लोक कॅलिफोर्नियाहून येत. कॅमेरे गळ्यात अडकवून आत शिरत, गुळगुळीत भिंतींवरून हात फिरवत आणि देवळात आल्यासारखे कुजबुजत. तिथवर कुणाची काही तक्रार नव्हती. पण एका पाहुणीने कुंडात केस धुतले. शाम्पूचा फेस खडकाला धरून राहिला. मेंढरं कडेपर्यंत गेली, नाक लावलं आणि मागे फिरली. मग अर्लीनला पिंपं भरभरून पेजहून पाणी आणावं लागलं.

ग्लेनिबा संतापली. पण सांगणार कुणाला? सासूने जावयाचं तोंड बघायचं नाही आणि जावयाने सासूचं. बघितलं तर डोळे जातात, असं जुनी माणसं म्हणत. दोघांची घरं एकाच अंगणात होती. ग्लेनिबा कमरपट्ट्याला चांदीची बारीक घुंगरं बांधी. ती वाजली की व्हर्जिल ट्रकच्या आड होई. सात वर्षं त्यांनी एकमेकांना नीट पाहिलं नव्हतं. सगळं बोलणं अर्लीनच्या तोंडून.

"त्याला सांग," ग्लेनिबा म्हणाली, "पुन्हा कुणाला आणलंस तर तुझं खोगीर बाहेर दिसेल."

अर्लीनने नवऱ्याला सांगितलं, "आई म्हणते, पाण्याचं जरा बघ."

"तिला सांग, मेंढ्यांच्या मागे फिरून पोट भरायचे दिवस गेले. पाणी काय, चार दिवसांत आपोआप स्वच्छ होतं."

अर्लीनने आईला सांगितलं, "तो बघतो म्हणाला."

असे तिने दोन्हीकडचे काटे स्वतःच्या जिभेवर मोडले. दोघांनाही वाटलं, समोरच्याने ऐकलं. आठवड्याने पुन्हा फेस आला, त्याच्या पुढच्या आठवड्यात कुंडात सिगारेटची थोटकं तरंगली, आणि ग्लेनिबाने बोलणंच सोडलं.

मग एके सकाळी अर्लीन आईकडे पीठ मागायला गेली. आई मेंढरं घेऊन वरच्या वाटेने कुंडाकडे गेली होती. दाराजवळच्या खिळ्याला कमरपट्टा लटकत होता, घुंगरांसकट. अर्लीनचा हात पिठाच्या डब्यावरच थांबला. आई पट्टा विसरणारी बाई नव्हती. माळाच्या टोकाला, घळीच्या खालच्या तोंडाशी, व्हर्जिलचा ट्रक उभा होता. तो खालून शिरला होता आणि आई वरून येत होती. मधे वळायला जागा नव्हती, आणि आईला ती नकोच होती.

अर्लीन धावत सुटली.

आत शिरताच अंगावर गारवा आला. वर आभाळाची निळी चिंधी, खाली मऊ वाळू, कुठल्याशा जुन्या पुराने दोन भिंतींत अडकवून ठेवलेला ओंडका. लहानपणी ती इथे चुलतभावांबरोबर लपाछपी खेळली होती. आज ओंडक्याखालून जाताना गुडघा सोलला तरी थांबली नाही. दुसऱ्या वळणावर पाहुण्यांच्या पाठी दिसल्या. चौघं एकामागे एक, तिरके होऊन सरकत होते.

"बाजूला व्हा," ती इंग्रजीत म्हणाली.

"कुठे होणार, बाई?" शेवटचा जाडा पाहुणा हसला. "माझं पोट आधीच अडकलंय."

अर्लीनने एका भिंतीला पाठ लावली, समोरच्या भिंतीला पाय रोवले आणि सरपटत वर चढली. चौघांच्या डोक्यावरून ती पुढे गेली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडे ती व्हर्जिलच्या पुढ्यात उतरली.

"तू? इथे काय करतेस?"

"परत फिर. आई येतेय."

"घुंगरं वाजली नाहीत."

"ती घरी आहेत."

व्हर्जिलचा चेहरा उतरला. त्याने झटकन टोपी डोळ्यांवर ओढली आणि तोंड भिंतीकडे केलं. "तिला सांग, मागे जा म्हणावं. माझ्यामागे चार माणसं आहेत."

पुढच्या वळणाआडून आवाज आला, "त्याला सांग, मी माझ्या पाण्यावरून येतेय. मागे जायचं तर त्याने जावं."

"आई, तिथेच थांब!"

"तिला सांग, मी शब्द दिलाय लोकांना."

"त्याला विचार, मला काय दिलंय? फेस?"

घळीत दोघांना एकमेकांचं अक्षर न् अक्षर ऐकू जात होतं. तरी दोघंही अर्लीनशीच बोलत होते. मधे उभं राहून तिचं डोकं भणभणलं. सात वर्षं ती हेच करत आली होती.

मागची पाहुणी मान उंचावून म्हणाली, "काय चाललंय? हा तोंड लपवून का उभाय?"

व्हर्जिल भिंतीकडे तोंड ठेवूनच इंग्रजीत बोलला. ग्लेनिबाला ती भाषा येत नव्हती. "काही नाही, मॅडम. म्हाताऱ्या माणसांचं खूळ. सासूला बघितलं तर आंधळा होतो म्हणे. ती आली की फोटो काढा हवा तर, मजेशीर दिसेल." आणि तो हसला.

पाहुणे हसले. एकाने कॅमेऱ्याचं झाकण काढलं.

"काय म्हणाला तो?" वळणाआडून ग्लेनिबाने विचारलं.

अर्लीनने नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. हा माणूस स्वतः भिंतीला नाक लावून उभा होता, आणि ज्या लाजेसाठी उभा होता तीच विकत होता.

"तो म्हणाला, हे म्हाताऱ्यांचं खूळ आहे," तिने मोठ्याने सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही. "म्हणाला, आली की तिचा फोटो काढा, मजेशीर दिसेल."

मग वाळूत पावलं वाजली आणि ग्लेनिबा वळणावरून पुढे आली. ठेंगणी बाई, मखमली पोलकं, डोक्याला रुमाल. अर्लीनला भिंतीशी दाबत तिने हात लांब केला, जावयाची टोपी काढली आणि वाळूत टाकली.

"इकडे बघ."

त्याने डोळे मिटले.

"बघ म्हणते ना! सासू जावयाला बघत नाही. मी तुला बघतेय. म्हणजे तू माझा कुणी नाहीस."

व्हर्जिलने डोळे उघडले. ते पाण्याने भरले होते, रागाने की भीतीने, कळेना. "अर्लीन," तो म्हणाला, "तू काहीतरी बोल."

"बोलते ना. या लोकांना परत ने. आज, आणि कायमचं. कुंडावर पुन्हा कुणी येणार नाही. हे कबूल असेल तर घरी ये. आईने बघितलं काय, न बघितलं काय, माझं मी बघेन."

त्याने मागे पाहुण्यांकडे पाहिलं, मग वाळूतल्या टोपीकडे. "चार माणसांसमोर माझी शोभा केलीत," तो म्हणाला. "आता तुमच्या म्हणण्यावर मागे फिरू? मी यांना कुंड दाखवणार."

"मग संध्याकाळी तुझं खोगीर बाहेर असेल."

ग्लेनिबाच्या ओठांवर हसू आलं. ते पाहून अर्लीन तिच्यावर उलटली.

"हसू नकोस! तुझ्या बघण्याने नाही मोडला माझा संसार. त्याने पाण्याचा आणि आपल्या अब्रूचा बाजार केला, म्हणून मी मोडतेय. तू तर मला न विचारता घुंगरं उतरवून आलीस. माझा नवरा, आणि निकाल तू लावायला निघालीस! खिळ्यावर पट्टा टांगताना माझी आठवण आली तुला?"

ग्लेनिबाचा हात रिकाम्या कमरेकडे गेला. पाहुण्यांना भाषा कळली नव्हती, पण कॅमेरा खाली गेला होता. जाडा पाहुणा म्हणाला, "आम्ही जातो, बाई." ते चौघं उलट पावली, अडखळत, मागे सरकू लागले. व्हर्जिलला त्यांच्यामागून जाण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. तरी कबूल करणारा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. अर्लीन वाट बघत होती. वळणापर्यंत वाट बघितली.

संध्याकाळी तिने खोगीर बाहेर ठेवलं.

व्हर्जिल पुढे कायेंटाच्या कोळशाच्या खाणीत ट्रक चालवायला लागला. ट्युबा सिटीच्या एका बाईशी त्याने लग्न केलं. तिची आई नव्या विचारांची होती, जावयाबरोबर टेबलावर बसून मटण खायची. त्याचं म्हणे चांगलं चाललं. ग्लेनिबाचे डोळे जाण्याची लोकांनी बरीच वर्षं वाट पाहिली. ती शहाण्णव साली गेली, तोवर सुईत दोरा स्वतः ओवत होती. पण त्या दिवसानंतर लेकीने तिचा निरोप कधी कुणाला पोचवला नाही. काही सांगायचं असलं तर म्हातारी काठी टेकत स्वतः जाई. त्या दिवशीच्या पाहुणीने काढलेला घळीचा एक फोटो कुठल्याशा कॅलेंडरवर छापून आला. पेट्रोल पंपावर वर्षभर टांगला होता. त्यात माणूस कुणी नव्हतं, नुसत्या भिंती.

अर्लीनने दुसरं लग्न केलं नाही. मेंढरं राखली, लेक शिकवली. आता लेकीचीही मुलं मोठी झालीत. ती नातवंडं तिला विचारतात, आजी, तू आजोबांना तेव्हा का घालवलंस? अर्लीन आमच्याकडची फुगीर भाकरी तेलात तळता तळता म्हणते, "मी नाही घालवलं. मी वाट बघत होते." मग कढईतलं तेल उगीचच जोरात ढवळते.