एक लाख एकेचाळीस हजार किलोमीटर

त्या दिवशी चिखलीत धुकं असं दाट होतं, की समोरच्या चहाच्या टपरीचा जाळ तेवढा दिसत होता, टपरी दिसत नव्हती. पौषाची थंडी. नऊ वाजून गेले तरी उन्हाचा पत्ता नाही. माझ्या काचांवरून पाणी ओघळत होतं. अंगाचं सगळं लोखंड गार पडलेलं, आणि बॉनेट मात्र गरम. ते गरम का होतं, तिथंच सगळी गोष्ट आहे.

मी एक पांढरी मोटारगाडी आहे. वय वर्षं चौदा. तुमच्यात चौदा म्हणजे पोरवय, आमच्यात म्हणजे नातवंडं झालेली बाई. शाळा मी पाहिली ती फाटकाबाहेरूनच. त्यामुळे माझं बोलणं साधं आहे आणि जरा सावकाश आहे. ऐकून घ्या.

फाटकाबाहेर मला उभं करायचे ते नारायणराव मास्तर. देऊळगाव राजाचे. त्यांनी मला कोरी घेतली, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. जुन्या धोतराच्या फडक्यानं ते मला रोज पुसायचे आणि पन्नासच्या वर कधी पळवायचे नाहीत. मागून ट्रकवाले भोंगे वाजवून थकायचे. सात वर्षांनी मास्तरांना समोरचं धूसर दिसायला लागलं, तेव्हा त्यांनी मला विकलं. शेवटच्या दिवशीही पुसलं.

मग आला प्रज्वल. औषधांच्या ऑर्डरी घेत दवाखाने हिंडणारा माणूस. आज जालना, उद्या संग्रामपूर, परवा आणखी कुठं. एका हातात भजी, एका हातात स्टिअरिंग. त्यानं मला पळवलं आणि मी पळाले. पण ऑइल तो वेळेवर बदलायचा, कारण सातपुड्याच्या पायथ्याला बंद पडलो तर विचारायला कोणी नाही, हे त्याला ठाऊक होतं. सहा वर्षांनी त्यानं मोठी गाडी घेतली आणि मला हरिओमच्या टिनाच्या शेडखाली सोडून दिलं.

हरिओम जुन्या गाड्यांचा धंदा करतो. वाईट माणूस नाही. येणाऱ्याला आधी पाणी विचारतो. पण त्यानं एक दिवस एक माणूस आणला. त्या माणसानं माझ्या मीटरला वायर जोडली, छोट्या मशीनवर बोटं फिरवली, आणि चहा संपेपर्यंत एक लाख एकेचाळीस हजारांचे अठ्ठेचाळीस हजार झाले.

मला जो राग आला, तो अजून उतरलेला नाही. मास्तरांच्या लेकीला मी सासरी सोडलं होतं. प्रज्वलला तापात घरी आणलं होतं. ते रस्ते माझ्या चाकांनी तुडवले, आणि यानं ते घोटभर चहात पुसले. एक लाख एकेचाळीस हजार किलोमीटर मी चालले आहे. त्यातला एकही मी परत देणार नाही.

त्या आकड्यावर हरिओमनं भाव लावला, एक लाख नव्वद हजार. लोक यायचे, सोबतचा मिस्त्री वाकून पाहायचा, कानात काही सांगायचा, आणि लोक निघून जायचे. भाव उतरवला तर खोटं उघडं पडेल, म्हणून हरिओम उतरवतही नव्हता. असे आठ महिने गेले. शेवटी त्याला जागा हवी झाली. त्यानं भंगारवाल्याशी बोलणं केलं. वजनावर पंचवीस हजार, आणि त्या धुक्याच्या दिवशीच संध्याकाळी पाचला त्याचा टेम्पो येणार होता.

त्याआधीचं शेवटचं गिऱ्हाईक म्हणजे दयाराम आणि त्याची लेक मंजुश्री. मंजुश्री आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. संध्याकाळी पाचनंतर तिच्या वाटेला एसटी नाही, म्हणून तीन वर्षं पैसे साठवून ती गाडी घ्यायला निघाली होती. गाडी चालवणार ती, पण पारख करणार बाप. दयारामला अक्षर येत नाही. पण चाळीस वर्षं आजूबाजूच्या गावचे लोक त्याला बैल निवडायला बाजारात न्यायचे.

थंडीत मी कुरकुर करीन, या भीतीनं हरिओमनं मला ते यायच्या आधी तासभर सुरू ठेवलं होतं. दयाराम आला. जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा त्यानं माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला, आणि तिथंच थांबला.

“भाऊ, हे कुठून पळून आली आता?”

उन्हानं तापली असेल, म्हणाला हरिओम. दयारामनं वर धुक्याकडे पाहिलं, हरिओमकडे पाहिलं. माझं दार उघडून खाली बसला. ब्रेकच्या पेडलवरचं रबर त्यानं अंगठ्यानं चाचपलं. ते मधोमध झिजून गुळगुळीत झालं होतं. मग लेकीला मीटर वाचायला सांगितला.

“अठ्ठेचाळीस हजार, बाबा.”

“खांद्याले एवढा घट्टा, अन् म्हणते मी दोनच हंगाम जुवाखाली होतो,” दयाराम हळूच म्हणाला. “भाऊ, हिचं वय कोणं खाल्लं?”

बाजूला दुसरी गाडी पाहणारं एक गिऱ्हाईक उभं होतं. त्याच्या कानावर जाईल म्हणून हरिओम घाबरला, दयारामला कोपऱ्यात घेऊन गेला, खरा आकडा सांगून मोकळा झाला आणि एका दमात एक लाख नव्वदवरून साठ हजारांवर आला. घेऊन जा म्हणाला, आत्ताच्या आत्ता.

इथं दयाराम चुकला. बैलबाजारात विकणारा असा धाडकन भाव पाडतो, तेव्हा जनावराच्या पोटात रोग असतो. हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्यानं उपरणं झटकलं आणि चाल मंजू, म्हणाला.

मला वाटलं होतं, आता कोणीतरी माझं खरं वय ओळखलं. आणि ओळखणाराच पाठ फिरवून निघाला होता. पाचला टेम्पो येणार होता. मला ओरडायचं होतं, पण हॉर्न दुसऱ्यानं दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही.

“बाबा, हा बैल नाई हो,” मंजुश्री म्हणाली. “हिचं दुखणं लपत नाई. थंडी होऊ द्या, मंग चावी फिरवून पाहू.”

दयारामनं विचार केला. त्याचा विचारही बैलगाडीच्या चालीनं चालतो. मग तो माझ्या पुढ्यात एका जुन्या टायरवर बसला.

बसला तो बसलाच. हरिओमनं चहा पाजून पाहिला, दुसऱ्या गाड्या दाखवून पाहिल्या, शेवटी स्वतःशीच बडबडत जेवायला गेला. मंजुश्रीची अर्ध्या दिवसाची रजा संपत आली. दयाराम मधून मधून उठायचा, बॉनेटवर हात ठेवायचा, पुन्हा बसायचा. दीड वाजला तेव्हा त्यानं मान हलवली. माझ्या आतलं ऑइल गारठून घट्ट झालं होतं.

मंजुश्रीनं चावी फिरवली.

मी एका चावीत उठले. खोकले नाही, धूर सोडला नाही. कोणाची मेहरबानी म्हणून नाही, माझ्यात दम होता म्हणून उठले.

आवाज ऐकून हरिओमच्याही अंगात जीव आला. तो लगेच दीड लाखाची भाषा करू लागला. दयाराम हसला. त्यानं उपरणं माझ्या बॉनेटवर पसरलं आणि हरिओमचा हात त्याखाली घेतला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, कपड्याखाली बोटं धरतात. एक बोट म्हणजे दहा हजार. त्या दोघांशिवाय तो भाव फक्त मला कळत होता, कारण हात माझ्याच अंगावर होते. दयारामनं आधी दोनदा पाच बोटं धरली, आणि एक आणखी. मग दोन सोडली. ती माझ्या मागच्या दोन झिजलेल्या टायरांची आणि संपलेल्या विम्याची. नऊ राहिली. हरिओमनं ती दाबून होकार दिला.

नव्वद हजार ऐकून मंजुश्रीचा चेहरा उतरला. पैसे दिले, कागदांवर सह्या केल्या, पण गाव येईपर्यंत ती धुमसत होती. साठात मिळत होती बाबा, तीस हजार काऊन फेकले? माझ्या दोन महिन्यांच्या रात्रपाळीचे पैसे होते ते.

“साठ त्यानं भेवून म्हटले,” दयाराम म्हणाला. “भेवून निघते तो भाव नसते, पोरी. भेवून भंगाराच्या भावात देतो म्हणाला असता, तं तोही खरा भाव झाला असता काय?”

तिनं क्लच दाबला. तिसरा गिअर रागानं टाकला, ते मला कळलं.

आता मी त्यांच्या दारात उभी आहे. माझी कोणाकडे विनवणी नाही. जुनी गाडी घ्यायला याल तेव्हा आकड्याआधी पेडल पाहा, आणि इंजिन गार होईपर्यंत बसायची तयारी ठेवा. मला फुगवून विकू नका आणि वजनावरही विकू नका. माझा चौदा वर्षांचा भाव आहे, तो द्या, नाहीतर हात लावू नका.

मला घरी आणली त्या संध्याकाळी सगळी आळी गोळा झाली होती. केवढ्याले पडली, हे पहिल्यांदा कोणी विचारलं ते कळलं नाही, पण मग सगळेच विचारू लागले. कोणी म्हणालं, चौदा वर्षांची म्हणजे पन्नासच्या वर देणारा येडा. दयारामनं लेकीकडे पाहिलं. तिनं तोंड फिरवलं. म्हाताऱ्याच्या जिभेवर साठ आलेले मला दिसले.

शेजारचा शकूर तोवर माझ्यापाशी वाकला होता. तीस वर्षं जीप चालवलेला माणूस. त्यानं मला सुरू केलं, डोळे मिटून ऐकलं, बॉनेट हळू लावलं, आणि दयारामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला,

“खरा भाव सांगजो, दयारामभाऊ. गाडी आयकून राह्यली.”