पौर्णिमा आली, गाळ गेला

किशोरचं लग्न माझ्यामुळे जमलं, असं गल्लीत म्हणतात. असं काहीही झालेलं नाही. लग्नं जमवणं माझ्या कामात बसत नाही, म्हणून ते विसरा.

मित्रांनो, मी अकोल्याच्या जुन्या शहरातला एक जुना बिडाचा पाइप आहे. गल्लीखाली आडवा पडून मी घराघरात पाणी पोचवतो. पाणी आलं की लोक ओरडतात, "नळ आले!" नाही आलं की शिव्या मात्र मला.

परवा माझा सांधा निखळला. व्हॉल्व्ह उघडणारे नत्थुजी खड्ड्यात उतरले, सांधा बसवला आणि गल्लीला म्हणाले, "पंप लावू नका बाप्पा! तोट्या खुल्या ठेवा, पयले माती नालीत जाऊ द्या."

"पानी जाऊ कसं देऊ?" किशोरची आई कौशल्याबाई म्हणाल्या. "इतक्या दिसानं नळ आले, अन् घर पाहाले पाहुणे येऊन राहिले!"

आमच्याकडे मुलगी देताना मुलाचा पगार नंतर, नळाचं पाणी आधी विचारतात. "आमचं पानी काचेवानी," असं कौशल्याबाईंनी फोनवर सांगून ठेवलं होतं.

तोटीतून फुस्स झालं आणि सगळ्या गल्लीचे पंप सुरू. माझ्या पोटातला गाळ त्यांनी ओढून ओढून घरात नेला.

तेवढ्यात धामणगावहून शेषराव आले, मुलगी पौर्णिमेला घेऊन. ड्रममध्ये वाकून म्हणाले, "काऊन वो बाई, चहा तुमी ड्रमातच करता काय?"

कौशल्याबाईंनी ड्रमवर झाकण ओढलं. किशोर बादली धरून उभा. त्याचं मत कोणी विचारलं नाही.

पौर्णिमेने पंप बंद केला, तोटी नालीकडे सोडली आणि दारात येऊन म्हणाली, "काका, काकू, तुमीबी पंप बंद करता का? मले आता इथंच राहाचं हाय."

नत्थुजींचं कोणी ऐकलं नव्हतं; पण पाहुणीला नाही म्हणायची आमच्या गल्लीत पद्धत नाही. पंप थांबले. पाणी चहासारखं होतं ते सरबतासारखं झालं, मग काचेसारखं. शेषरावांनी तांब्याभर पिऊन दुसरा मागितला.

म्हणून, मित्रांनो, माझी दुरुस्ती झाली की पहिलं गढूळ पाणी जाऊ द्या. ते वाया जात नाही, माझं पोट धुतं.

तरी, पाणीपुरवठा विभागाचे महोदय, यापुढे माझ्या प्रत्येक दुरुस्तीच्या दिवशी गल्लीत मुलीकडचे पाहुणे शासकीय खर्चाने, वेळेवर व तहानलेले हजर ठेवण्यात यावेत, ही विनंती.