लताबाईंचं लाटणं आणि मी

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे. हातानं ढकलायचा नव्हे बरं का, मोटारीवर चालणारा. खडबडीत फळी एका बाजूनं माझ्या पोटात सरकवा, दुसऱ्या बाजूनं ती सारख्या जाडीची, गुळगुळीत होऊन निघते. निफाडच्या एका पडवीत, ढलप्यांच्या मऊ ढिगात मी पेंगत असतो. सागाची फळी आत शिरली, की मला तिचं पेठ तालुक्यातलं रान दिसू लागतं. अगदी खरं सांगतो!

१९७६ साली मी सातपूरच्या एका दुकानात धूळ खात पडलो होतो. एके दिवशी भिकनदादा सुतार आणि त्यांची बायको लताबाई तिथं आले. हातरंधा मारून मारून दादांचा खांदा पार कामातून गेला होता. चांगलं मशीन मिळालं नाही, तर घरचं सुतारकाम बंद करून त्यांना कारखान्याच्या दारात कामासाठी उभं राहावं लागणार होतं. पण त्यांची नजर माझ्याकडे कुठली वळायला! ती शेजारच्या चकचकीत हिरव्या मशीनवर खिळली होती.

"घेऊन टाका. हे काही खात नाही," दुकानदार म्हणाला. वीज कमी खातं, असं त्याला म्हणायचं होतं.

लताबाईंनी पिशवीतून सरळसोट लाटणं काढलं. घरी नवा पोळपाट झाला की त्या तो लाटणं ठेवूनच पारखायच्या. हिरव्या मशीनमधून निघालेल्या फळीवर त्यांनी लाटणं टेकवलं आणि एक डोळा मिटला. फळीच्या टोकाशी लाटण्याखालून उजेड दिसला; तिथं मशीननं लाकूड जास्त तासलं होतं.

"खात नाय कसं? टोक खाल्लंय की!"

मग माझी पाळी आली. माझ्या फळीवर उजेडाची रेघसुद्धा दिसली नाही.

"अगं, पण ह्याचा रंग बघ," दादा कुरकुरले.

"रंग काय चाटायचाय? हाच न्यायचा!"

मी हरखून गेलो. त्यानंतर पडवीत पाट झाले, पाळणे झाले, शाळेची बाकं झाली. दादांचा खांदा सावरला आणि ते घरीच राहिले. लोक फळीवरून हात फिरवत आणि वा वा करत. मात्र काम वाढलं तसं माझं तेलपाणी राहून जाऊ लागलं.

अशी दहा-बारा वर्षं गेली. मग एकदा लताबाईंनी लाटणं टेकवलं, आणि टोकाशी उजेड दिसला. अरे देवा! या वेळी टोक मी खाल्लं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"संपलं ह्याचं. भंगारात देऊ," दादा म्हणाले.

"अहो, फळी वीतभर लांब घ्या आणि टोक नंतर कापून टाका," लताबाई म्हणाल्या. "खाऊ द्या की त्याला थोडं! इतकी वर्षं उपाशी राबलाय."

दादा उठले. मग तेलाचा डबा घेऊन माझ्याजवळ बसले.

आता कापलेली टोकं चुलीत जातात, त्यावर दादांचा चहा उकळतो, आणि जळत्या लाकडाच्या वासात मला पुन्हा रान दिसतं. मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या यंत्रांना वेळेवर तेल घाला. आणि म्हातारपणी आम्ही जरा चुकलो, तर फळी थोडी लांब घ्या.