ओढ्याचा पंचनामा

गुडघाभर काळ्या पाण्यात उभा राहून वाल्मीक मास्तर नळीच्या तोंडातली पोती ओढून काढत होता. सकाळीच गावातल्या बायकांनी ती मातीनं भरून तिथं ठासली होती. त्र्याऐंशीचा उन्हाळा होता. कारखान्याचं मळीचं पाणी त्या नळीतून ओढ्यात येई आणि झिरपून विहिरींत उतरे.

काठावर त्याची थोरली भावजय कुसाबाई उभी होती. तिच्या विहिरीच्या पाण्याला जनावरंसुद्धा तोंड लावत नव्हती.

"मॅनेजरनं शब्द दिलाय, वहिनी. नळी मोकळी केली की उद्याच पाणी तपासायला सरकारी माणूस आणतो म्हणालेत. भांडण्यापेक्षा बसून बोललेलं बरं."

"बसा तुम्ही, भाऊजी. तीन वर्सं अर्ज घेऊन बसलोच की आम्ही."

शेवटचं पोतं निघालं तसा पाण्याचा लोट त्याच्या अंगावर आला. तोंड पुसून त्यानं वर पाहिलं, तर ती निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी अधिकारी खरोखरच आला. पण नळीतून नितळ पाणी वाहत होतं. तेवढ्या दिवसापुरती कारखान्यानं मळी आत अडवून धरली होती. अधिकाऱ्यानं बाटली भरली, पंचनामा लिहिला आणि गावातर्फे सहीसाठी वाल्मीकपुढं धरला.

"साहेब, कालपर्यंत हे काळं होतं."

"मला आज दिसतं तेच लिहावं लागतं."

मॅनेजरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सही नसेल तर बोलणी इथंच संपली, गुरुजी. पुढच्या महिन्यात समिती नेमतोय. तुम्ही तिच्यात आहातच."

वाल्मीकनं सही केली.

चौथ्या दिवशी पाणी पुन्हा काळं आलं. बायका पोती घेऊन ओढ्यावर पोचल्या, तेव्हा निफाडचा फौजदार गाडी घेऊन उभाच होता. बातमी कळताच वाल्मीक वर्ग सोडून धावत आला आणि गर्दीच्या मागं थांबला.

"पाणी चांगलं असल्याचा पंचनामा झालाय," फौजदार सांगत होता. "तुमच्याच गावच्या माणसाची सही आहे. बघा."

"कुणाची हाय?" बायकांतल्या सखुबाईनं विचारलं.

कागद कुसाबाईच्या हातात आला. त्या बायकांत वाचता येणारी ती एकटीच. प्रौढांच्या वर्गात वाल्मीकनंच तिच्याकडून अक्षरं गिरवून घेतली होती. तिचं बोट ओळींवरून खाली सहीपर्यंत गेलं. मग मान वर करून तिनं गर्दीमागं पाहिलं.

"अक्षर लागत नाय मला," ती म्हणाली. कागद परत देऊन तिनं पदर खोचला आणि सगळ्यांच्या आधी गाडीत चढली.