दहा लाख एक

हेमलताने सत्त्याण्णवच्या खाली एकशे एक लिहिले आणि दहा लाख एकला त्यानेही सहज भागायला घेतले. वडिलांची पेन्सिलीतली वही ती शाईने उतरवून देत होती. चार वाजता शहरातून तिचे गणिताचे प्राध्यापक रांझीच्या कारखाना-वसाहतीत चहाला येणार होते, ते ही वही बघायलाच. भागाकार संपला. बाकी शून्य.

तिने पुन्हा केला. शून्यच.

तिचे वडील अंबादास सत्तावन्न साली भंडाऱ्याहून येऊन इथल्या कारखान्यात लागले आणि तपासणी विभागातूनच निवृत्त झाले. शिक्षण सातवी. एक आणि स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही अशाही संख्या असतात, हे लेकीच्या पुस्तकातून कळले आणि दहा लाख एक या आकड्याने त्यांना झपाटले. दोन्हीकडून वाचा, सारखाच. वर्षभर ते त्याला भागत बसले. दोन, तीन, पाच, सात करत सत्त्याण्णवपर्यंत आले आणि कारखान्यातल्या सवयीने थांबले. शंभरापर्यंत तपासून एकही नग खोटा निघाला नाही, की लॉट पास. मग साऱ्या क्वार्टरांत सांगत सुटले, हा आकडा तुटत नाही. शेजारी त्यांना बघून रस्ता बदलू लागले होते.

“काहून थांबली?” अंबादासांनी दारातून विचारले. इस्त्रीचा सदरा त्यांनी दोन तास आधीच चढवला होता.

आपण बोललो नाही तर सर बोलतील, तेही चहा पिता पिता. हेमलताने वही पुढे सरकवली.

“बाबा, तुटते हा. एकशे एक गुणिले नऊ हजार नऊशे एक.”

त्यांनी गुणाकार स्वतः करून पाहिला. मग सदऱ्याचे वरचे बटण काढले.

“म्हणजे सालभर फुकटच.”

त्यांनी दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवले.

“अन् हा नऊ हजार नऊशे एक? हा तुटते का?”

“पाहते.” तिने दोनपासून सुरुवात केली. तीन. पाच. सातला अंबादासांनी तिचा हात धरला.

“काय करून राहिली? मोठ्याला जे लागलं नाही, ते त्याच्याच तुकड्याला कसं लागन?”

हेमलताने पेन खाली ठेवले. शंभर गुणिले शंभर, दहा हजार. हा आकडा त्याच्या आतला. तो तुटला असता, तर एक तरी तुकडा शंभराखालचा निघायलाच हवा होता. आणि शंभराखालचे सगळे बाबांनी आधीच लावून बघितले होते, एकेक. वर्षभर हा आकडा या वहीत अतूट सिद्ध होऊन पडला होता आणि घरात कुणालाच पत्ता नव्हता.

“बाबा, हा नाही तुटत. तुम्हीच करून ठेवलं ना हे. पूरा.”

अंबादासांनी बटण लावले. लाल पेन्सिल शोधून त्या आकड्यापुढे ‘तपासले’ असे लिहिले, सही केली आणि पेन्सिल तिच्या हातात दिली.

“तू बी कर. दोन सह्यांबिगर लॉट बाहेर जात नाही.”