रेवतीच्या नाळेतली ओल

मार्गशीर्षातली सुवर्णमंथर सकाळ. ओहोटीने खाडी रिती होत होती, आणि रित्या होणाऱ्या खाडीवर ऊन हलके हलके उतरत होते. चिखलावर ऊन, कांदळवनावर ऊन, काठावर लाकडी टेकूंनी उभी केलेल्या रेवतीवर ऊन. धवलकांती, नितळांगी, बत्तीस फुटांची ती शिडाची नौका अशी काही देखणी दिसत होती, की कुणीही तिची दृष्ट काढावी.

वरून शुभ्र फायबरचे कवच, आत सागवानाचा देह. तो देह सदानंद कुबलांनी चाळीस वर्षांपूर्वी आपल्या हातांनी घडवला होता. कुबलांना मूलबाळ नव्हते. "ह्या माझा चेडू," असे ते रेवतीकडे बोट दाखवून सांगत, आणि सांगताना स्वतःच लाजत. चेडू म्हणजे लेक.

आता वय अठ्ठ्याहत्तर. शिडाचा दोर हातांना आवरेनासा झाला होता, म्हणून रेवती विकायला काढली होती. गावातल्या एका हॉटेलवाल्याला रेवती हिरवळीवर मांडायची होती, आणि तिच्या पोटात माणसे जेवायला बसवायची होती. रेवती समुद्रावर जावी, एवढे एकच मागणे म्हाताऱ्याचे आयुष्याकडे उरले होते. आणि समुद्रावर नेणारे गिऱ्हाईक वर्षभरात एकच आले होते.

ते गिऱ्हाईक म्हणजे अरुंधती जुवेकर. रत्नागिरीची, चाळिशीची, शिडाच्या होड्या चालवायला शिकवणारी. एकटीने किनाऱ्या-किनाऱ्याने केरळपर्यंत जायचे, हे तिने मनाशी पक्के केले होते. तिने पिशवीतून लहानशी लाकडी मोगरी काढली, रेवतीच्या अंगाला कान लावला, आणि हलकेच ठोकले.

टण्, म्हणाली रेवती. मोगरी वीतभर पुढे सरकली. टण्. आणखी वीतभर. टण्. निरोगी लाकूड असेच बोलते; कवचाआडून बोलते, तरी स्वच्छ बोलते. कुजके लाकूड मात्र नुसते भद् म्हणते.

सदानंद मागे मागे चालत होते. मुलगी बघायला पाहुणे यावेत आणि बापाने उगाच खुर्च्या सरकवत राहाव्यात, तशी त्यांची गत.

"बाई, अस्सल सागवान हां," ते तिसऱ्यांदा म्हणाले.

"ते रेवतीच सांगेल, काका," अरुंधती हसली.

रेवती काय सांगेल, याचीच तर त्यांना धास्ती होती. नाळेच्या, म्हणजे लाटेला पहिली छाती देणाऱ्या पुढच्या टोकाच्या, अगदी तळाशी एक जागा होती. अकरा वर्षांपूर्वी फायबर चढवताना ती जागा ओली होती. वाळायला महिना लागला असता, आणि कुबलांना नारळी पौर्णिमेला रेवती पाण्यात पाहायची होती. त्यांनी ओलीवरच कवच चढवले. कोंडलेली ओल तेव्हापासून आतल्या आत लाकूड खात होती, निःशब्द, निरंतर. बाहेर केसाएवढीही चीर नव्हती.

मोगरी नाळेपाशी आली. टण्. खाली, टण्. त्याखाली जाड टेकू आडवा आला होता, आणि टेकूखाली गुडघाभर चिखल. अरुंधती वाकली, तिने चिखलाकडे पाहिले, आणि ती सरळ झाली.

"बस, काका. पोरगी ठणठणीत आहे तुमची."

सदानंदांचा कोंडलेला श्वास सुटला. सुटली रेवती! हिरवळीवरून सुटली, निळाईवर निघाली! आनंदाने म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

आणि तेवढ्यात, शेवाळलेल्या दगडावरून अरुंधतीचा पाय सटकला.

"चेडवा, सांभाळ गे!"

शब्द तोंडून गेला. चाळीस वर्षे एका रेवतीसाठी राखलेला शब्द एका परक्या बाईसाठी गेला. ती सावरली, हसली, पायावरचा चिखल झटकू लागली. कुबल मात्र जागच्या जागी थिजले. चेडू म्हटले होते तिला. आता त्याच तोंडाने गप्प कसे राहायचे? किनारा दिसेनासा झालेला, लाट छातीवर आलेली, आणि रेवतीत ही एकटी. म्हाताऱ्याला ते चित्र सोसवेना.

"थांब गे, चेडवा," त्यांचा आवाज फाटला. "टेकूच्या मागे ठोक. अगदी खाली."

अरुंधती चिखलात आडवी झाली. हात टेकूमागे गेला.

भद्.

पुन्हा एकदा. भद्.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होता." म्हातारा आता उघड रडत होता. "ओली होती, तरी झाकलंय. घाई केलंय मी. तू नेव नको तिका. दर्यात फसवतली तुका."

राग आला अरुंधतीला. खरा, झणझणीत राग. चिखलाने माखलेली ती उठली, आणि तिने पिशवीतली पटाशी काढली.

"फोडू?"

कुबलांनी मान डोलावली. कवच तडकले. आतून काळे, ओलेगच्च, भुसा झालेले लाकूड हातात आले. ती खालून वर सोलत गेली, एक वीत, दोन वीत, आणि अडीच वितींवर पटाशी अडली. तिथे मधासारखे पिवळे, घट्ट सागवान होते. बोट फिरवले, तर दमट. पण शाबूत.

"कवच सगळं काढायचं," अरुंधती म्हणाली. "वैशाखापर्यंत वाळू द्यायची. मग नाळ नवी घालायची. आणि पावसाळा सरला, की नेते मी हिला."

"माझे हात चलनत नाय गे."

"हात माझे. तुम्ही फक्त मला घाई करू देऊ नका."

खांद्यावरचा पंचा सदानंद कुबलांनी काढला, चिखलात गुडघे टेकले, आणि न्हाऊन आलेल्या लेकीचे केस पुसावेत, तसे ते रेवतीचे उघडे, ओलसर लाकूड पुसू लागले. हळूहळू, हळूहळू, पुसतच राहिले.